गद्य सुकं, पद्य ओलं

अजिनाथ मेटकरी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाला तेव्हा सांगोल्याच्या पलीकडं त्याच्या वाडीत पेढे वाटले गेले. कशाबद्दल, ते मात्र कुणालाच धड सांगता येईना. वडील बिरप्पा मेंढरं राखणारे. ते पेढ्यांचा पुडा पुढं करत एवढंच सांगत होते, "पोरगं इचारात पास झालं." त्यावर कुणीतरी विचारलं, "मग आता इचार करायला कुटं जायाचं त्यानं?" बिरप्पा म्हणाले, "सोलापूरला."

सोलापूरला तो आधीपासूनच होता, तिथंच राहिला. ज्या कॉलेजात शिकला तिथंच शिकवायला मिळेल अशी त्याची आशा होती. पण त्या विभागाचा शेवटचा विद्यार्थी तोच होता आणि तो पास झाल्याबरोबर विभाग बंद पडला. प्राचार्यांनी त्याला बसवून चहा पाजला. तू नापास झाला असतास तर विभाग अजून वर्षभर तरी तगला असता, असं हळहळून म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले.

गावाकडं मेंढरांचा टेम्पो चालवायचा, त्यामुळं त्याच्याकडं लायसन होतं. शेवटी ते लायसनच कामाला आलं. पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटामागच्या बोळांमध्ये कचऱ्याची घंटागाडी फिरवायची, अशी नोकरी लागली. ठेकेदार चन्नप्पा अक्कलकोटकडचे, रागावले की कानडीत शिरणारे आणि राग उतरला की मराठीत परत येणारे. त्यांनी त्याला विचारलं, "शिक्षण किती?" अजिनाथनं सांगितलं. चन्नप्पा म्हणाले, "असू दे, कुणाला सांगू नको. आमचं काही म्हणणं नाही."

राहायला त्याला वेणीमाधव काकांच्या घरात मागची खोली मिळाली. काका देवस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दुपारी जेवण झालं की त्यांना कुणीतरी काहीतरी वाचून दाखवलेलं आवडायचं, कारण त्याशिवाय त्यांना झोप येत नसे. प्रभाकाकूंना हे वाचण्याचं काम नको होतं. अशा रीतीनं अजिनाथला पहिला श्रोता मिळाला.

तो काय लिहायचा ते सांगायला हवं. तो निबंध लिहायचा, पण सरळ निबंध नव्हेत. सुरुवात गद्यात व्हायची. रिकाम्या पिशवीत काय असतं, सावली आपल्या मालकीची असते का, वाट बघणं हे काम आहे की काम नसणं आहे, असा एखादा प्रश्न घेऊन तो शांतपणे चालत निघायचा. मग विचार तापत जायचा आणि एका जागी गद्याला तो पेलेनासा व्हायचा. तिथं अजिनाथ पद्यात उतरायचा. दोन-चार कडव्यांत विचार निवला की परत गद्य. सोलापुरात उन्हाळा मोठा, त्यामुळं मार्च ते जून त्याचं बरंचसं लिखाण पद्यातच होई. सगळ्या निबंधांना मिळून त्यानं नाव ठेवलं होतं 'असण्याची खटपट'.

ते छापायला कुणी तयार होईना. सोलापुरातल्या एका प्रकाशकाचा मुख्य धंदा गाइडांचा होता. त्यानं दोन पानं चाळली आणि विचारलं, "हे गद्य का पद्य?"

"दोन्ही."

"दोन्ही असं दुकानात ठेवता येत नाही. गद्याचं कपाट डावीकडं, पद्याचं उजवीकडं. मध्ये माझं टेबल आहे."

पुण्याच्या प्रकाशकानं मात्र मनावर घेतलं. त्याच्याकडं कविता बघणारे वेगळे आणि गद्य बघणारे वेगळे. कविता बघणाऱ्यांनी कळवलं, कविता चांगल्या आहेत, मधलं गद्य काढा. गद्य बघणाऱ्यांनी कळवलं, विवेचन चांगलं आहे, मधल्या कविता काढा. अजिनाथनं प्रामाणिकपणे दोघांचंही ऐकून पाहिलं. तेव्हा पुस्तकाचं नाव तेवढं शिल्लक राहिलं. त्यानं ते काकांना सांगितलं. काका डोळे मिटून म्हणाले, "नाव चांगलं आहे," आणि घोरू लागले.

हे असंच चालू राहिलं असतं, पण त्या वर्षी घंटागाडीवरच्या भोंग्यातलं गाणं बिघडलं. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा असं सांगणारं ते गाणं वर्षानुवर्षं वाजत होतं आणि बोळातलं एकही माणूस ते ऐकत नव्हतं. गाडीचा आवाज आला की लोक दोन्ही कचरे एकाच बादलीत घेऊन येत आणि गाडीत उपडे करत. चन्नप्पांनी अजिनाथला बोलावलं.

"तुझा आवाज बरा हाय. तूच मोबाइलमध्ये बोल आणि पेनड्राइव्हमध्ये घालून आण. ओला वेगळा, सुका वेगळा, एवढंच. लांबड लावू नको."

अजिनाथनं खोलीत डोक्यावर सोलापुरी चादर घेतली आणि तेवढंच बोलून ठेवलं. पण त्याच मोबाइलमध्ये त्याचा एक निबंधही होता. आपलं लिखाण कानाला कसं लागतं हे बघायला तो निबंध वाचून साठवून ठेवायचा. पेनड्राइव्हमध्ये सूचनेऐवजी हा निबंध गेला. त्याचं नाव होतं 'टाकून देण्याविषयी'. गाडी चालवायला लागल्यापासून तो या एकाच विषयावर लिहीत होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोळाच्या तोंडाशी आली आणि भोंग्यातून अजिनाथचा आवाज निघाला.

"आपण म्हणतो, मी हे टाकलं. पण टाकलं म्हणजे नेमकं काय केलं? हातातून सोडलं. वस्तू गेली आणि हात रिकामा झाला. तो रिकामा हात मात्र आपल्यापाशीच राहिला. रिकामा हात कुठं टाकता येतो?"

भोंगा बंद करावा तर भोंग्याचं बटण चन्नप्पांनी पूर्वीच काढून टाकलं होतं, कारण आधीचे ड्रायव्हर कंटाळून तो बंद करायचे. किल्ली फिरवली की भोंगा सुरू आणि किल्ली काढली की बंद. पण एकदा किल्ली काढली तर गाडी पुन्हा सुरू होईल याची हमी कुणी देत नव्हतं. तो मान खाली घालून गाडी हाकत राहिला. निबंध पुढं सरकला, तापला आणि पद्यात गेला:

सालीआत केळे,
केळ्याभोती साल,
कोणी कोणा काल
सोलले गा?

ओल्याचे ते ओले,
सुक्याचे ते सुके,
मधले ते मुके
आम्ही लोक.

बोळातलं पहिलं घर तानाबाईंचं. वैरागहून लग्न होऊन इथं आलेल्या, कडक भाकरी करून दुकानांना पुरवायच्या. त्या बादली घेऊन दारात आल्या त्या तिथंच थांबल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बादली खाली ठेवली.

"ए बाबा, हे कोण बोलतंय?"

"चुकून लागलंय, मावशी. उद्या बदलतो."

"बदलू नगंस. आदी मला सांग, टाकलेलं जात न्हाय म्हंतोयस तू?"

"जातं. पण आपल्यापासून लांब जातं एवढंच. त्याचं आपलं असणं सुटत नाही."

"मग मी जावेचं देवघर उचलून माळावर टाकलं, ते माजंच ऱ्हायलं व्हय? ती तर अजून बोंबलतीया की ते तिचं हाय."

"दोघींचंही राहिलं असेल."

"हे न्हाय पटलं मला," असं म्हणून तानाबाईंनी बादली गाडीत उपडी केली आणि आत निघून गेल्या.

बाकीचे बोळ अजिनाथनं कसे पार केले ते त्याला आठवत नाही. कॉलेज सुटल्यापासून त्याचं म्हणणं कुणाला पटलं नाही असं झालंच नव्हतं. पटत नाही म्हणायला आधी ऐकावं लागतं. आज एका बाईनं ते सगळं ऐकलं होतं आणि तिला ते पटलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं मोबाइलमधली ती ओला-सुक्याची सूचना काढली, ऐकली आणि पुसून टाकली.

पुढं जे झालं त्याचं श्रेय किंवा दोष तानाबाईंचा. गाडी थांबते तेवढ्या वेळात कधी बोलणं लागतं, कधी गाणं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपल्या मनाशी एक अर्थ लावला आणि शेजारणीला सांगितला, "बोलणं लागलं की सुका आणायचा, गाणं लागलं की ओला. गाण्यात वलावा असतो की, म्हणून." शेजारणीला हे इतकं उघड वाटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं. तिनं ते तेलुगूत पुढच्या दारी सांगितलं. पुढच्या दारानं दखनीत आणखी पुढं सांगितलं. आठवडाभरात सगळ्या बोळांनी हा नियम असा उचलला की जणू तो पहिल्यापासूनच होता. गद्य चालू असताना कागद, पिशव्या, फाटक्या चपला, मागावरच्या सुताचे गुंते. पद्य सुरू झालं की भाजीची देठं, उष्टं, चहाचा चोथा. कुणी गद्यात केळीची साल आणली तर बाजूच्या बायका तिला थांबवत, "जरा दम धर, आत्ता येतंय गाणं."

अजिनाथला आधी वाईट वाटलं. त्याच्या वाक्यांचा अर्थ सोडून लोकांनी त्यांची जात तेवढी धरली होती. मग त्याला दिसलं की तसंही नाही. पद्याची वाट बघत लोक बादली घेऊन उभे राहत, आणि उभं राहिलेल्या माणसाला गद्य ऐकण्यावाचून दुसरं काम नसे. ऐकलं की डोक्यात काही ना काही शिरतंच.

सगळ्यात आधी ते वेणीमाधव काकांच्या डोक्यात शिरलं. घरी वाचताना त्यांना ज्या निबंधानं झोप यायची त्याच निबंधानं दारात उभं राहून त्यांना जाग आली. मागच्या वर्षी त्यांनी एक पाय मोडलेली खुर्ची कचऱ्यात दिली होती. ती आपलीच आहे आणि तिकडं एकटी आहे, हे त्यांना सहन होईना. एके दिवशी ते रिक्षा करून कचरा डेपोवर गेले आणि एक खुर्ची घेऊन आले. प्रभाकाकूंनी ती खुर्ची सगळीकडून बघितली.

"अहो, ही आपली नाही. आपलीला वेत होता, ही लोखंडाची आहे."

"आपली नाही हे मला दिसतंय," काका म्हणाले. "पण कुणाची तरी आहेच ना? म्हणजे ती टाकलेली नाही. टाकलेली नसेल तर तिला कचऱ्यात का ठेवायची?"

काकूंनी अजिनाथला बोलावून घेतलं. "हे बघ, तुझ्या लिखाणाला माझी हरकत नाही. पण आता या घरात दुसऱ्यांच्या वस्तू तत्त्वानं यायला लागल्यात. काल एक कुकर आणलाय, त्याला झाकण नाही. झाकण शोधायला उद्या परत जाणार म्हणतात. तू एखादं कडवं घाल की त्यात, की माणसानं घरात बसावं."

अजिनाथनं ते कडवं घालून पाहिलं. काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "हे कमजोर आहे. हे तू मनापासून लिहिलेलं नाहीस." ते खरंच होतं.

काही दिवसांनी महापालिकेच्या झोन ऑफिसातून आरोग्य निरीक्षक आले. अनिमेष त्यांचं नाव, वयानं अजिनाथएवढेच. या गाडीतून ओला आणि सुका कचरा इतका नीट वेगळा येत होता की ऑफिसात सगळ्यांना संशय आला होता. असं आजवर कधी झालं नव्हतं, त्यामुळं यात काहीतरी भ्रष्टाचार असणार असं वरिष्ठांचं मत पडलं. अनिमेष साहेब सकाळभर गाडीच्या मागं मागं चालले. गद्यात सुका येताना बघितला, पद्यात ओला येताना बघितला. शेवटी घाम पुसत ते केबिनजवळ आले.

"हे कुणाचं आहे?"

"माझं, साहेब."

"छापलेलं आहे?"

"नाही."

"छापलेलं नसताना वाजवता कसं?"

"छापत नाहीत म्हणूनच वाजतंय, साहेब. छापलं असतं तर कपाटात बसलं असतं."

साहेबांनी हातातली वही मिटली. "बरं," ते म्हणाले, "तूर्त वाजू द्या. पण ते रिकाम्या हाताचं मला नीट कळलं नाही. हात रिकामा झाला तर तो दुसरं काहीतरी धरेल की. मग तो रिकामा कुठं राहिला?"

अजिनाथला त्या दिवशी जेवण गोड लागलं. पटलं नाही म्हणणारी माणसं आता दोन झाली होती.

पुढच्या महिन्यात आणखी गाड्यांवर तोच पेनड्राइव्ह लागला. जुळे सोलापूर, शेळगी, होटगी रोड, सगळीकडं सकाळी लोक बादल्या घेऊन त्याच्या विचाराची वाट बघू लागले. मात्र तो आवाज कुणाचा हे कुणाला माहीत नव्हतं. लोक त्याला 'गाडीवाला बाबा' म्हणू लागले. एका ठिकाणी तर बाबा वारले असून हे त्यांचं जुनं रेकॉर्डिंग आहे अशी वदंता उठली. चार बायकांनी अजिनाथलाच विचारलं, "तुमी त्यांना बगितलं हुतं का?"

अशा वेळी काकांनी त्याला सुचवलं की आता एखाद्या पुरस्काराला पाठव. एका संस्थेची स्पर्धा होती, नवोदितांच्या अप्रकाशित हस्तलिखितांसाठी. अजिनाथनं 'असण्याची खटपट' पाठवलं. उत्तर आलं की लेखन उत्तम आहे, परंतु ते सोलापुरात रोज सकाळी दारोदार प्रसिद्ध होत असल्याचं परीक्षकांना समजलं आहे, सबब ते अप्रकाशित धरता येत नाही. तेव्हा त्यानं त्याच संस्थेच्या प्रकाशित पुस्तकांच्या स्पर्धेला अर्ज केला. तिथून विचारणा झाली की पुस्तकाची प्रत जोडलेली नाही. त्यानं कळवलं की प्रत जोडता येत नाही, पण पत्ता सोलापुरातला असेल तर ती आपल्या दारात येईल. त्यावर संस्थेनं काहीच कळवलं नाही.

म्हणजे तो प्रकाशितही नव्हता आणि अप्रकाशितही नव्हता. हे कळल्यावर तो दोन दिवस सुन्न होता. तिसऱ्या दिवशी त्यानं यावरच निबंध लिहिला. तो पहिल्या ओळीपासून पद्यात होता. वाजवला त्या दिवशी सगळ्या बोळात नुसता ओला कचरा आला आणि सुका घरात साठला. तानाबाई म्हणाल्या, "तुजं दुक हाय ते कळलं, पर आमच्या कागदाचं काय?" अजिनाथनं मुकाट्यानं त्यात गद्य घातलं.

इकडं झोन ऑफिसात निबंध वाजवण्याला रीतसर मंजुरी घ्यायचं ठरलं. मंजुरी म्हटली की निविदा आली. निविदा निघाली: घंटागाड्यांसाठी तात्त्विक निबंध, गद्य-पद्य मिश्र, ध्वनिमुद्रित स्वरूपात पुरवणे. अजिनाथ अर्ज करायला गेला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "अनुभव?"

"वाजतोय तो माझाच आहे."

"तात्त्विक निबंध पुरवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि स्वतःचं गोदाम लागतं."

"निबंधाला गोदाम?"

"पुरवठा म्हटला की गोदाम आलं," तो माणूस समजुतीनं म्हणाला.

चन्नप्पांनी हे ऐकलं आणि ते कानडीत शिरले. बराच वेळ तिकडंच होते. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "आयतु, झालं ते झालं. तू गाडी चालव."

निविदा एकाच कंपनीनं भरली होती. तिचा मूळ धंदा कचऱ्याचे डबे बनवण्याचा. डब्यांसाठी गोदाम होतं, तेच चाललं. पेनड्राइव्ह बदलून आला. आता भोंग्यातून एक भारदस्त आवाज बोलू लागला, "जीवन ही एक संधी आहे. संधीचं सोनं करा. कचऱ्याचं खत करा." मग त्याच आवाजात, त्याच चालीत, "स्वच्छता राखा, आनंद चाखा." यात पद्य कुठं सुरू होतं आणि गद्य कुठं संपतं ते कुणालाच कळेना. तानाबाई दोन हातांत दोन बादल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आरं, ह्यात गाणं कुटलं आन् बोलणं कुटलं?"

"मलाही कळत नाही, मावशी."

"तुला कळंना तर कुणाला कळंल? मगाधरनं हुबी हाय मी."

गाडी थांबून थांबून शेवटी पुढं निघाली. त्या दिवशी निम्म्या लोकांनी काहीच टाकलं नाही आणि निम्म्यांनी सगळं एकत्र टाकलं. महिन्याभरात पुन्हा पूर्वीसारखा काला होऊ लागला. पलीकडच्या बोळात भोंग्यातलं वाक्य गद्य की पद्य यावरून दोन घरांत भांडण झालं आणि ते पंचांपर्यंत गेलं. पंचांनाही ठरवता आलं नाही. शेवटी दोन्ही घरांनी एक दिवसाआड कचरा टाकावा असा निवाडा झाला.

अनिमेष साहेबांनी अजिनाथला ऑफिसात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हे बघा, ठेका त्यांचा आहे. निबंध त्यांचेच वाजले पाहिजेत. यात काही करता येत नाही."

"माहीत आहे, साहेब."

"पण मशीन आहे. मशीनमध्ये तांत्रिक बिघाड होतो. बिघाड झाला की आतून काय वाजेल ते कुणाच्या हातात नसतं. बिघाडाला नियम नाही."

अजिनाथनं खुर्ची जरा पुढं ओढली.

"तुमच्या गाडीत बिघाड होत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"होतो की. कधीपासून व्हायला पाहिजे?"

"उद्यापासून झाला तर बरं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बिघाड होऊ लागला. चन्नप्पा ऑफिसला फोन करून कळवत, "साहेब, आजबी बिघाड झाला." साहेब विचारत, "कुठला?" चन्नप्पा सांगत, "कालचाच. आज जरा लांब हाय." बोळात बादल्या पुन्हा वेगळ्या झाल्या. बिघाडात खंड पडू नये म्हणून अजिनाथ आता जोमानं लिहू लागला.

याच दिवसांत बिरप्पा सोलापूरला आले. बाजारात मेंढरं पोचवली आणि दोन दिवस पोराकडं राहिले. सकाळी म्हणाले, "मीबी येतो गाडीत. बगतो तरी काय करतोस ते." केबिनमध्ये पटका सावरून बसले. अजिनाथनं किल्ली फिरवली. भोंगा बोलू लागला. बिरप्पा दोन बोळ कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले,

"ह्यो आवाज तुजाच की."

"व्हय, आण्णा."

"पर तू तर गप बसलायस."

"आधीच बोलून ठेवलंय."

बिरप्पांनी मान हलवली. "मेंढरापुढं असं चालत न्हाय. तितं त्याच येळंला वराडावं लागतं." पुढं पद्य आलं, ओल्या बादल्या आल्या. ते बघत राहिले. "कोणी कोणाला सोललं म्हंतोयस. कोण हाय त्यो सोलणारा?"

"तसा कुणी नाही. तो प्रश्न आहे."

"आन् ही समदी माणसं काय उत्तर घिऊन आल्यात व्हय बादल्यांत?"

अजिनाथनं गाडी पुढच्या दारापाशी घेतली. बिरप्पा खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते. एका बाईनं त्यांना विचारलं, बाबा तुमीच का. ते म्हणाले, "न्हाय. मी बाबाचा बाप." त्या बाईनं बादली खाली ठेवून त्यांना नमस्कार केला. बिरप्पांनी तो घेतला. पोरगं काय शिकलं ते त्यांना अजूनही सांगता आलं नसतं, पण परत जायला एस.टी.त बसताना ते म्हणाले, "पुढच्या खेपंला ते मेंढरांवर कायतरी लिव. माणसांवर लई झालं."

बिघाडाची बातमी शेवटी डब्यांच्या कंपनीपर्यंत गेलीच. त्यांनी आपला दुरुस्तीचा माणूस पाठवला, शिवशरण नावाचा. शांत स्वभावाचा, हातात अवजारांची पिशवी. तो आलेला कळताच बोळ दारात येऊन उभा राहिला. बादल्या कुणी खाली ठेवल्या नाहीत. तानाबाईंनी त्याला दोन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली, म्हणाल्या, "खा आदी. उपाशी हातानं मशीनला हात लावू ने."

शिवशरणनं भोंग्याची पेटी उघडली. बिघाड त्याला लगेच दिसला असणार, कारण तो पेनड्राइव्ह बाहेरच लोंबत होता. त्यानं तो धरला. तेवढ्यात निबंधानं वळण घेतलं. त्यानं हात काढून घेतला आणि ऐकू लागला. गाडी निघाली, एक बोळ झाला, दुसरा झाला. तो गाडीच्या फुटबोर्डवर बसून भाकरी मोडत होता आणि मधून मधून चावणं थांबवत होता. फेरी संपल्यावर त्यानं पेटी बंद केली.

"सापडला का बिघाड?" अजिनाथनं विचारलं.

"सापडला."

"मग?"

"जुना आहे. पार आतपर्यंत मुरलाय. काढायला गेलं तर मशीनच राहणार नाही." त्यानं हात पुसले. "मी तसं कळवतो. कायमस्वरूपी बिघाड म्हणून. कायमस्वरूपी लिहिलं की पुन्हा कुणी विचारत नाही, आमच्याकडं तशी पद्धत आहे."

तसंच झालं. कंपनीला ठेक्याचे पैसे मिळत राहिले, तिचे निबंध गोदामात राहिले आणि अजिनाथचे निबंध कायमस्वरूपी बिघाड म्हणून झोन ऑफिसात मान्य झाले. 'असण्याची खटपट' अजून छापलं गेलेलं नाही. मधे पुण्याहून एकदा पत्र आलं की गाडीवर वाजतं तसलं काही असेल तर बघू, आजकाल त्याला मागणी आहे. अजिनाथनं तेच हस्तलिखित पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, तसलं नाही, हे वेगळं वाटतं.

त्यानं ते पत्र काकांना वाचून दाखवलं. काका त्या लोखंडी खुर्चीत बसले होते आणि पूर्ण जागे होते. "पुणेकर गाडीच्या मागं चालत नाहीत ना," ते म्हणाले, "म्हणून."

या आठवड्यात नवा निबंध लागला, दारावर. दार हे भिंतीतलं भोक की भोक झाकायची भिंत, असा त्याचा विषय. तानाबाई चौकटीत उभ्या राहून ऐकत होत्या, हातातली बादली अर्ध्यावर उचललेली. संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"हे न्हाय पटलं मला."

अजिनाथनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुटलं नाही पटलं, मावशी?"

"मदलं. दार भित असतं तर परवा माजी सासू भांडून भाईर कशी गेली असती?" त्या म्हणाल्या आणि बादली उपडी करायला पुढं आल्या. मागच्या घरचा माणूस मोटारसायकलवर गाडीमागं अडकून हॉर्न वाजवत होता, पण गाडी अजून हलली नव्हती.